सातव्या माळेचा दिवा

धारूर
सोमवार, १४ ऑक्टोबर २०२४

कावेरी,

तुझा फोन जगासाठी चालू आहे, माझ्यापुरता बंद आहे. दहा दिवसांत किती वेळा लावून बघितला ते लिहीत नाही, इज्जत जाते. म्हणून पोस्टात जाऊन पाकीट आणलं. तिथला माणूस म्हणाला, "राख्या तर कवाच गेल्या, आता कुणाला पाकीट?" मी काही बोललो नाही. बघ, बोललो नाही. एवढी सुधारणा लक्षात घे.

तुझ्या आईनं तुला सोलापूरला फोन करून सांगितलंच असेल, की त्या उत्तऱ्यानं सातव्या माळेला देवीचा अखंड दिवा दोन बोटांत चिमटून टाकला. खरं आहे. अंगठ्यावर आणि शेजारच्या बोटावर अजून फोड आहे, अक्षर त्यामुळं असं आलंय. पण तिनं कशासाठी ते सांगितलं का?

बुधवारी सकाळी नऊच्या सुमाराला मी सहज तुमच्या गल्लीतून चाललो होतो. दारासमोर आलो आणि गॅसचा वास आला. मी आत पळालो. तुझे अप्पा पुढं दुकानात गिऱ्हाईक करत होते. काकू माजघरात बसून ज्वारी निवडत होत्या. त्यांना सर्दी, त्यामुळं नाकाला काही कळत नव्हतं. समोर पाटावर घट, पाच माळा, सहा माळा लोंबलेल्या, आणि शेजारी जमिनीलगत दिवा, ज्योत एकदम सरळ. आणि उंबऱ्यापलीकडं स्वयंपाकघरात बारीक आवाज येत होता, सापासारखा.

हा गॅस हवेपेक्षा जड असतो. वर उडून जात नाही, पाण्यासारखा जमिनीवर पसरतो. दीड वर्षाच्या बी.एस्सी.तलं एवढंच माझ्या कामाला आलं. तुमचा उंबरा चार बोटं उंच आहे म्हणून तो तेवढा वेळ पलीकडं थांबला होता.

मी ओरडलो, "काकू, बाहेर चला! काही पेटवू नका, बटणाला हात लावू नका!" तर काकू उठून नेमक्या लाईटच्या बटणाकडंच निघाल्या. "कावून ओरडायलास रं? उजेड तरी करू दे, काय झालं बघते." मी त्यांचं मनगट धरलं. तुझ्या आईचं मनगट. मग वाकून दिवा चिमटला. श्वास धरून आत गेलो, रेग्युलेटर बंद करून काढलं, मागचं दार आणि खिडकी सताड उघडली, टाकीला टोपी लावून तिला परसात नेऊन ठेवलं.

परत आलो तर काकू घटासमोर बसलेल्या. वातीतून धूर निघत होता, त्याकडं बघत होत्या. "मुडद्या," म्हणाल्या, "डोळ्यात तेल घालून सात दिस जपलेला दिवा हाय रं त्यो." एवढंच म्हणाल्या. आणखी चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

अप्पा आले, त्यांना वास आला, आणि त्यांचा चेहरा पिठासारखा झाला. म्हणाले, "शिवगंगे, दिव्याचं राहू दे. पोरानं घर वाचवलं." मग मला बाहेर ओट्यावर बसवून स्वतःच्या हातानं चहा दिला. हेच अप्पा आजवर काय म्हणायचे? पोरगं आपल्यातलंच हाय, घरबी वळखीचं हाय, पण डोक्याला झाकण न्हाई.

त्या शनिवारी फोनवर मी जे बोललो त्याबद्दल इथं लिहीत नाही. तुझ्यासाठी आलेल्या केजच्या स्थळाचं कानावर आलं आणि डोकं फिरलं. मारामारीपायी कॉलेज सोडलं तेव्हाही तू म्हणाली होतीस, "त्या पोराला तू माझ्यासाठी नाही मारलंस, तुझ्या रागासाठी मारलंस." ते अजून टोचतं.

पण काही झालं नाही, कावेरी. घर जागेवर आहे, काकू जागेवर आहेत. दिवसातून दहा वेळा मी हे मनात म्हणतो आणि दहाही वेळा बरं वाटतं.

पत्र पोचलं एवढं तरी कळव.

उत्तरेश्वर


धारूर
शनिवार, २६ ऑक्टोबर २०२४

कावेरी,

तुझं कार्ड आलं. पाच ओळी, त्यातल्या तीन जाबजबाबाच्या. मी कार्ड शर्टाच्या आत घालून आमच्या शेगडीदुरुस्तीच्या दुकानामागं जाऊन वाचलं, तरी मालक म्हाळूकाकांनी बघितलंच. "कोणाचं रं? कोर्टाचं का?" म्हणाले. वाचून मला तसंच वाटलं.

"आई म्हणाली तू अनवाणी होतास. आई म्हणाली तुझ्या डोक्याला साबण होता. सहज गल्लीतून चाललेला माणूस डोक्याला साबण लावून चालतो का?"

तू नर्स होणार आहेस की फौजदार?

दुकानामागच्या नळावर डोकं धूत होतो. बर्नर साफ करताना काजळी उडते, केसात जाते. चप्पल तिथंच राहिली. झालं समाधान?

आणि ते शेवटचं: "फोन करू नकोस. फोनवर तू ओरडतोस. कागदावर ओरडता येत नाही, म्हणून लिही." हे मात्र मला कबूल आहे. आता या क्षणी माझा आवाज चढलाय, पण तुला ऐकू येत नाही, हे बरंच आहे.

इकडची खबर. केजच्या लोकांना तुझ्या आईनं निरोप धाडलाय, देवीनं संकेत दिलाय, तूर्त थांबा म्हणून. हे मला अप्पांनीच सांगितलं, गुळाचा खडा हातावर ठेवत. मी घरी येईपर्यंत तो खडा खाल्ला नाही, आनंदानं विसरलोच.

पण काकूंचं काही खरं दिसत नाही. भाकरीच्या नव्या ओव्हनवर चादर टाकून ठेवलीय. दिवाळीच्या कडक भाकरीच्या ऑर्डरी परत केल्या. शेगडीसुद्धा पेटवत नाहीत, परसात तीन दगड मांडून तुराट्यांवर स्वयंपाक करतात आणि धुरानं खोकतात. मंगळवार धरलाय, शुक्रवार धरलाय. मी म्हणालो, "काकू, नवी नळी टाकून देतो, रेग्युलेटर तपासून देतो." तर म्हणाल्या, "नळीचं काय घिऊन बसलास बाबा. नळी निमित्त हाय. जिचं हाय तिला कळतंय."

मला त्याचा अर्थ कळला नाही. तुला कळतो का?

उत्तरेश्वर


धारूर
शनिवार, ९ नोव्हेंबर २०२४

कावेरी,

हे पत्र चौथ्यांदा लिहितोय. आधीची तीन फाडली.

पाडव्याला अप्पांनी फराळाला बोलावलं. तुझे मामा आले होते. अप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "ह्यानंच आपलं घर राखलं. पोरगं कामाचं हाय बरं का." मामांनी मला खालीवर बघितलं, जसं बघतात तसं बघितलं, तुला समजलं असेल. मग अप्पांनी मला एक शर्ट दिला. आकाशी रंगाचा, दोन खिशांचा. "आत्ताच घाल," म्हणाले. मी घातला. सगळे म्हणाले शोभतो. आणि माझा हात आपोआप खिशाकडं गेला.

तुला साबण खटकला तेव्हाच तुला कळलं होतं ना?

मी सहज चाललो नव्हतो.

अप्पांनी केजहून बंद पडलेल्या बेकरीतला तो गॅसचा ओव्हन आणला, तो बसवायला तिसऱ्या माळेला मी आलतो. भाकरी तव्यावर भाजायची आणि ओव्हनात मंद आचेवर कडक करायची, म्हणजे काकूंचे हात कमी भाजतील, म्हणून. घरात टाकी एकच. दुसरी सणाच्या आधी मिळत नव्हती. म्हाळूकाकांनी मला बजावलं होतं, "एका टाकीवर एकच नळी. मधी दोन फाट्याचा टी लावायचा न्हाई, कोणीबी सांगू दे." मी अप्पांपुढं हुशारी दाखवायला म्हणालो, त्यात काय, टी लावून देतो, शेगडीबी चालंल, ओव्हनबी चालंल.

मी खाली बसून नळी कापत होतो आणि वर अप्पा कुणाला तरी फोनवर सांगत होते की केजच्या पोराला पोरीचा फोटो पसंत आहे.

मग मी परसात गेलो आणि तुला फोन लावला. पुढचं तुला माहीत आहे. तू म्हणालीस, "मला विचार तरी, मला काय वाटतं," आणि मी विचारलं नाही, मी ओरडतच होतो. तू फोन ठेवलास. परत लावला तर लागला नाही.

आत आलो तो रागातच. टीवर नळ्या दाबून बसवल्या. तीन टोकांना तीन क्लिपा आवळायच्या असतात. दोन आवळल्या. तिसरी हातातच होती. काकू म्हणाल्या, "चहा घे रं," आणि मला त्या घरात एक क्षण थांबायचं नव्हतं. क्लिप खिशात टाकली आणि निघालो. साबणाचा फेस लावून बुडबुडे बघायचे असतात, प्रत्येक जोडावर, हे म्हाळूकाका झोपेतसुद्धा सांगतील. मी तेही केलं नाही.

चार दिवस, कावेरी. चार दिवस तुझी आई नुसत्या रबराच्या पकडीवर भाकरी भाजत होती. काम झालं की ती शेगडीचं बटण बंद करायची, टाकीजवळचं रेग्युलेटर कधीच नाही. सातव्या माळेला तिनं झाडायला ओव्हन पुढं ओढला आणि नळी निम्मी निसटली.

त्या सकाळी मी मोरीत होतो. डोक्याला साबण. आमच्या आईनं, दगडाबाईनं, धुवायला शर्ट घेतला आणि बाहेरून हाक मारली, "उत्तरेश्वरा, ही लोखंडाची अंगठी कसली रं तुझ्या खिशात?"

एवढंच. मी लुंगीवर पळालो. वाटेत मला वास येत नव्हता, काही येत नव्हतं. फक्त तुमचं घर तिथं असावं एवढंच म्हणत होतो. कोपऱ्यावर वळलो, आणि होतं.

म्हणजे तुमचं घर मी वाचवलं नाही. मी आणलेलं संकट मीच काढलं.

आता तू म्हणशील ते. लिहिलं ते बरं केलं असं या घटकेला वाटतंय. टाकल्यावर काय वाटेल माहीत नाही, म्हणून लगेच टाकून येतो.

उ.


धारूर
सोमवार, २५ नोव्हेंबर २०२४

कावेरी,

शिव्या देशील असं वाटलं होतं. दिल्या नाहीस. "मला सांगितलंस ते ठीक केलंस" हे वाचून मी पोस्टाच्या पायरीवरच बसलो. पण पुढची ओळ वाचून उठलो.

"पण भीती मला नाही बसलेली. आईला बसलीय. तिला सांग."

नाही सांगणार.

विचार कर की जरा. स्थळ कशामुळं थांबलं? दिवा गेला म्हणून, देवीचा कोप समजून. उद्या मी म्हणालो, काकू, देवी-बिवी काही नाही, क्लिप खिशात राहिली होती, तर काय होईल? केजवाल्यांची गाडी दुसऱ्या दिवशी दारात. आणि मला अप्पा दुकानाची पायरी चढू देणार नाहीत. एका वाक्यात तू पण जाशील आणि शर्ट पण जाईल.

तू म्हणशील, हा बघ, परत ओरडतोय. हो, ओरडतोय.

सांगणार नाही.

उत्तरेश्वर


धारूर
बुधवार, १५ जानेवारी २०२५

कावेरी,

सांगितलं.

भोगीच्या दिवशी. तिळगुळाचे डबे द्यायला आमच्या आईनं मला तुमच्याकडं पाठवलं. काकू परसात त्या तीन दगडांपाशी बाजरीची भाकरी करत होत्या, वर तीळ लावून. ओल्या तुराट्या होत्या. धूर असा, की त्या खोकत खोकत थापत होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या. चादर टाकलेला ओव्हन दारातून दिसत होता. कावेरी, तुझी ती ओळ दीड महिना माझ्या मागं होती, पण सांगायला लावलं ते त्या खोकल्यानं.

म्हणालो, "काकू, एक सांगायचंय."

"सांग की. खाऊन सांग. गरम हाय."

मी क्लिप काढून परातीच्या काठावर ठेवली. ऑक्टोबरपासून पाकिटातच होती.

"हे काय? कोणाचं कानातलं सापडलं का?"

"नळीची क्लिप हाय. तुमच्याच ओव्हनच्या."

मग सगळं सांगितलं. टी, फोन, चहा, खिसा, साबण. मधे कुठं थांबलो नाही, थांबलो असतो तर पळालो असतो. त्या ऐकत राहिल्या. तव्यावरची भाकरी एका बाजूनं काळी झाली. तुझ्या आईची भाकरी करपलेली मी जन्मात पहिल्यांदा बघितली.

"म्हंजी," त्या म्हणाल्या, "दिवा देवीनं न्हाई घालवला?"

"न्हाई काकू. मी घालवला. गॅसबी मीच सोडला."

"म्हंजी माझी खता न्हाई काई?"

"तुमची कसली चूक? रेग्युलेटर बंद करायचं राहत व्हतं, तेवढीच."

त्यांनी तवा उतरवला. पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतात. मग हळूहळू सांगू लागल्या. दुसऱ्या माळेला त्यांनी घटासमोर बसून केजच्या स्थळाला होकार दिला होता. मनातल्या मनात, देवीला साक्ष ठेवून. "पोरीला इचारलं न्हाई रं. पोरगी न्हाई म्हणंल, ठाव व्हतं मला. म्हणून तिला न इचारता देवीलाच सांगून टाकलं. आन् पाचव्या दिशी दिवा गेला. म्या म्हणलं, झालं. आता हिचा कोप घरावर. आज अप्पांवर जातो का पोरीवर जातो, ह्या फिकिरीत तीन म्हैने काढले. छातीवर जातं ठिवल्यागत व्हतं."

तीन महिने. आणि क्लिप माझ्या पाकिटात.

मी म्हणालो, "काकू, मारा मला."

त्यांनी उलथनं उचललं. खरंच उचललं. आणि मधेच हसायला लागल्या. आधी नुसते खांदे हलत होते, मग आवाज फुटला, मग खोकला, मग परत हसू. शेजारची छबुबाई भिंतीवरून डोकावली. "काय वं शिवगंगाबाई, पोराला मारताव का त्याच्यासंगं हसताव?"

"अगं कोप न्हवता!" काकू तिला ओरडून सांगत होत्या. "देवीचा कोप न्हवता, ह्या मुडद्याचा हात ढिला व्हता!"

मग डोळे पुसून माझ्याकडं वळल्या. एकदम गंभीर. "कोप न्हवता म्हणल्यावर केजच्या स्थळाला आता हरकत न्हाई मग."

मी परातीवरची क्लिप उचलली, परत ठेवली.

"बघ, बघ कसा पांढराफट पडला," त्या छबुबाईला म्हणाल्या. आणि मला, आवाज उतरवून, "देवीनं न्हाई अडवलं, तर मी अडवते. पोरीला इचारल्याबिगर आता काईच न्हाई. न केजचं, न तुझं. समजलं का?"

समजलं. आधी तुला विचारायचं. तुझी आई जे तीन महिन्यांनी शिकली, ते तू मला त्या शनिवारी फोनवर सांगत होतीस.

मग दगड विस्कटून त्यांनी तुराट्यांवर पाणी ओतलं. "आत चल. नवी नळी टाक. आन् फेस मला दाखव, तुझ्यावर इस्वास न्हाई."

अप्पांना सांगणं अवघड गेलं. ते ओरडले नाहीत. काटा बाजूला ठेवला आणि म्हणाले, "चार दिस. चार दिस माझी बायको त्याच्यापुढं बसत व्हती." मी मान खाली घालून उभा. शर्ट काढून देतो म्हणालो, तर म्हणाले, "शर्ट राहू दे. खिशात काय ठिवतोस त्याच्याकडं बघ." मग बराच वेळ गिऱ्हाईक केलं, माझ्याकडं बघितलंच नाही. शेवटी म्हणाले, "ह्या गल्लीत बारा घरात भाकरीचं काम चालतं. म्हाळूला संगं घे आन् एकेक घर तपास. फुकट. सगळी झाल्याबिगर माझ्या दारात यायचं न्हाई."

म्हाळूकाकांनी कान धरला, तोही गिऱ्हाइकांसमोर. "एका टाकीवर एकच नळी म्हणलं व्हतं का न्हाई बे?"

"व्हतं."

"फेस बघितला व्हता?"

"न्हाई."

तुमच्या घरातून काढलेला तो टी त्यांनी हातोड्यानं चपटा केला आणि दुकानात माझ्या डोळ्यांसमोर येईल असा खिळ्याला टांगला. मला राग आला नाही. आश्चर्य आहे, नाही का? झोप लागली त्या दिवशी. ऑक्टोबरपासून अशी लागली नव्हती.

तिळगूळ पाकिटात घालतोय. पोचेपर्यंत चुरा होईल, चुराच खा.

उत्तरेश्वर


धारूर
रविवार, २० एप्रिल २०२५

कावेरी,

दोन पानांचं पत्र! मी दोनदा मोजली. "तू आता वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबतोस" हे वाक्य मी कापून ठेवलं असतं, पण पाठीमागंही मजकूर आहे.

अकरा घरं झाली. काय काय बघितलं म्हणून सांगू! एका घरात नळीला भेग गेलेली, तिच्यावर चिंधी गुंडाळून वर दोरा. एकीनं नळीला रोज तेल लावलेलं, मऊ राहावी म्हणून. नळीवर तारीख छापलेली असते, ती संपली की बदलायची, हे कुणालाच माहीत नव्हतं. एक आजी म्हणाली, "तारीख औषधाला असती, नळीला कसली?" एक बाबा मला शिकवायला लागले, "वास आला की काडी पेटवून जोडापाशी धरायची, गळती कुठं हाय ते लगेच दिसतं." म्हाळूकाका म्हणाले, "दिसतं, पण सांगायला कोणी राहात न्हाई." आणि टाकी संपत आली की तिला आडवी करून लोळवतात, उरलेला घोटभर निघावा म्हणून. त्या घरी मी आवाज चढवला. लगेच उतरवला. हे तुला मुद्दाम सांगतोय.

अकरा झाल्यावर अप्पांनी दारात येऊ दिलं आणि काकूंचा ओव्हन परत चालू झाला. त्याला आता स्वतंत्र टाकी, स्वतंत्र नळी, भिंतीपासून हातभर लांब, वर खिडकी उघडी. पेटवायला मीच शिकवलं: आधी ओव्हनचं दार उघडायचं, मग काडी पेटवायची, मग बटण फिरवायचं. उलटं नाही. पेटला नाही तर बटण बंद करून दार उघडं ठेवायचं आणि पाच मिनिटं दम धरायचा, लगेच दुसरी काडी ओढायची नाही. काकू म्हणाल्या, "हे तूच मला सांगायलास? दम धर म्हणून? तू?"

अप्पा हसले. माझ्या समोर, जानेवारीनंतर पहिल्यांदा.

काम झालं की आता रेग्युलेटरचा खटका वाजल्याचा आवाज पुढं दुकानापर्यंत येतो. काकू मुद्दाम जोरात बंद करतात. अप्पा तिकडून म्हणतात, "ऐकलं."

बारावं घर राहिलंय. तुमचंच. अप्पा म्हणतात, ते शेवटी, घट बसायच्या दिवशी.

तू लिहिलंयस, काकूंनी तुला फोन करून विचारलं. आणि तू काय सांगितलंस ते मला लिहिलं नाहीस. मी विचारत नाही. म्हणजे विचारायचंय, पण तू सांगशील तेव्हा ऐकीन.

उत्तरेश्वर


धारूर
सोमवार, २२ सप्टेंबर २०२५

कावेरी,

सकाळी सहाला अप्पांचं बोलावणं आलं, घरचं पोरगं म्हणून नाही, मेकॅनिक म्हणून. पाऊस थांबत नाही. मांजरा फुगलीय, कळंबच्या पुढं गाड्या सोडत नाहीत म्हणे, त्यामुळं तू आज पोचणार नाहीस हे कळलं होतं. म्हणून जे झालं ते लगेच लिहितो.

घट मांडून झाला होता. माती, धान्य, पाट, पहिली माळ. समईत तेल, वात. पण काकूंनी दिवा लावला नव्हता. हात धुऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "आधी तुझं हू दे. बारावं घर."

मी वाटीत साबणाचं पाणी केलं. काकू माझ्या मागं, अप्पा काकूंच्या मागं. पहिला जोड, रेग्युलेटरपाशी. फेस लावला. तिघंही वाकून बघतोय.

"बुडबुडा?"

"न्हाई."

दुसरा, शेगडीपाशी. न्हाई. मग ओव्हनची टाकी, तिचे दोन जोड. प्रत्येक ठिकाणी क्लिप. शेवटच्या जोडावर काकूंनी मला बाजूला सारून स्वतः बोटानं फेस लावला आणि तोंड नळीजवळ नेऊन इतका वेळ बघत बसल्या, की अप्पा म्हणाले, "शिवगंगे, अगं फेस वाळायला लागला."

"खिसा दाखव," काकू मला म्हणाल्या.

मी दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. आकाशी शर्टच होता.

मग माजघरात आलो. मी दाराजवळ उभा राहिलो, गेल्या वर्षी होतो तिथंच. काकूंनी काडेपेटी उचलली आणि माझ्याकडं धरली. मी घेतली नाही. म्हणालो, "काकू, मी कसा? मीच तर..."

"म्हणूनच. ज्यानं घालवला त्यानं लावायचा. पोरीचंबी तेच म्हणणं हाय. फोनवर इचारलं मी तिला."

कावेरी, तू मला सांगितलं नाहीस!

गुडघे टेकले. पहिली काडी ओलसर होती, पेटली नाही. दुसरी पेटली. वात धरायला थोडा वेळ लागला, मी दम धरला, आणि ज्योत उभी राहिली, एकदम सरळ.

काकूंनी माझा उजवा हात उलटा करून दोन बोटं बघितली. फोडाचा डागसुद्धा राहिला नाही.

मी विचारलं, "काकू, नऊ दिवसात परत वास आला तर?"

त्या हळदीकुंकवाची कोयरी सरळ करत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "तर परत इझव बाबा. बेधडक इझव. दिवा परत लावता येतो."

नदी उतरली की ये. सातव्या माळेपर्यंत उतरेल असं सगळे म्हणतात. तोवर तेल घालायला मी येतोय, रोज, दारातूनच हाक मारून, चप्पल घालून.

तुझा
उत्तरेश्वर